सवतबंदीची कहाणी

१८८४ साली मुंबई सरकारने सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात जिल्ह्यातल्या जातीजमातींची एकेक करून माहिती आहे. घरं कशी, खाणंपिणं काय, बायका लुगडं कसं नेसतात, बारसं कसं होतं, मयताचे विधी कोणते. बऱ्याच जातींच्या वर्णनात शेवटाकडे जवळपास त्याच शब्दांत एक नोंद येते. लहानपणी लग्नं होतात, विधवेचा पाट लागतो किंवा लागत नाही, पुरुषाला एकाहून अधिक बायका करता येतात, बाईने एकाहून अधिक नवरे करण्याची चाल मात्र नाही.

त्या काळात ही नोंद वाचून कोणाच्या भुवया उंचावल्या नसतील. इंग्रजी न्यायालयं हिंदूंना त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे आणि रूढीप्रमाणे न्याय देत, आणि त्या शास्त्रात पुरुषाच्या बायकांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. मुसलमानांच्या शरियतमध्ये चारची मर्यादा होती. हिंदू पुरुषाला तीही नव्हती.

१८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९४ होतं. नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. पण त्याला एक अट होती. ते दुसरं लग्न पहिल्या जोडीदाराच्या हयातीमुळे रद्दबातल ठरणारं असलं पाहिजे. ख्रिस्ती माणसाचं ठरत होतं. १८६५च्या कायद्यानंतर पारशाचंही ठरू लागलं. हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न मात्र कायदेशीर होतं, त्यामुळे तो गुन्हेगार नव्हता. हिंदू बाई मात्र याच कलमात सापडायची. अनेक जातींत पंचांच्या संमतीने काडीमोड होऊन बाईचा दुसरा पाट लागत असे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने संभू रघूच्या खटल्यात ठरवलं की लग्न मोडण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. म्हणजे नवरा हयात असताना पंचांच्या शब्दावर दुसरा संसार मांडणारी बाई तुरुंगात जाऊ शकत होती, आणि तिसरी बायको घरी आणणाऱ्या पुरुषाला कोणी विचारणारं नव्हतं. एकाच कलमाखाली बाईला शिक्षा आणि पुरुषाला सूट, अशी ही व्यवस्था पुढे सत्तर वर्षं चालली.

दुसरी बायको करण्याची कारणं गावोगाव ठरलेली होती. पहिलीला मूल नाही, किंवा मुलीच झाल्या. शेताला हात कमी पडतात. भाऊ वारला, त्याची बायको आणि तिच्या वाट्याची जमीन घरातच राहावी. सोलापुरासारख्या विणकरांच्या गावात मागाभोवती घरातल्या बायकांचं काम अखंड चाले, तिथे आणखी एक बाई म्हणजे आणखी दोन हात. पहिलीपुढे पर्याय थोडे होते. माहेरी परत जायचं तर भावजयीच्या राज्यात किती दिवस निभणार? सासरी राहायचं तर सवतीच्या हाताखाली. तिसरी वाट म्हणजे ‘टाकलेली’ म्हणून जगायचं. जात्यावरच्या ओव्यांत सवतीचं दुःख इतकं भरून आहे ते उगीच नाही. याच जिल्ह्यात पंढरपूरला रखुमाईचं मंदिर विठोबापासून वेगळं आहे, ती रुसून बाजूला बसली अशी कथा आहे. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबालाही म्हाळसा आणि बाणाई अशा दोन बायका, आणि त्यांचं भांडण जागरणात रात्र रात्र रंगतं. लोकांनी देवांच्या घरातही सवतीचा सल ओळखला होता.

हा सल अन्याय आहे असं मराठीत लिहिणाऱ्यांनी खडसावून सांगितलं. गॅझेटियर निघण्याच्या दोन वर्षं आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. पुरुषाला एक नियम आणि बाईला दुसरा, हा न्याय कुठला, असा त्यांचा सरळ सवाल होता. १८९१ साली, जोतीराव फुले यांच्या निधनानंतर, त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून आलं. त्यात त्यांनी हाच मुद्दा उलटा फिरवून पुरुषांपुढे ठेवला. तुम्ही दोन-दोन, तीन-तीन बायका करता, तसं एखाद्या बाईने दोन नवरे घरात आणले तर तुम्हाला चालेल का? जोतीरावांना हे विचारण्याचा अधिकार होता. सावित्रीबाईंना मूल झालं नाही, तरी त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. दोघांनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. एकपत्नीत्वाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद असा आपल्याच मातीत, शाळा चालवणाऱ्या एका जोडप्याच्या घरात जन्मला. तो विलायतेहून आलेला नाही.

पुढची पन्नास वर्षं हा प्रश्न सभा-परिषदांतून फिरत राहिला. १९२७च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. सुरुवात मुलींच्या शिक्षणापासून झाली, पण काही वर्षांतच परिषदेच्या ठरावांत वारसा, घटस्फोट आणि द्विभार्या हे विषय आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. १९४१ साली केंद्र सरकारने बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली. १९४४ साली ती पुन्हा नेमली तेव्हा पुण्याच्या लॉ कॉलेजचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे तिचे सदस्य होते. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, त्यात मुंबई आणि पुणेही होतं. आपल्या मसुद्यात समितीने एकपत्नीत्वाचं कलम घातलं.

दिल्लीला अजून दहा वर्षं लागणार होती. मुंबई प्रांताने तेवढी वाट पाहिली नाही. १९४६च्या निवडणुकीनंतर बाळ गंगाधर खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि त्याच वर्षी ‘मुंबई हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा’ मंजूर झाला, १९४६चा २५ क्रमांकाचा कायदा. शास्त्र, रूढी, परंपरा काहीही असो, पहिला जोडीदार हयात असताना केलेलं हिंदूचं दुसरं लग्न रद्दबातल ठरेल आणि करणाऱ्याला शिक्षा होईल. असं लग्न लावणारे आणि त्याला मदत करणारेही गुन्हेगार ठरतील. हा गुन्हा दखलपात्र होता. म्हणजे बायको तक्रार घेऊन कोर्टात येईल याची वाट न पाहता पोलीस स्वतः कारवाई करू शकत होते. पुढच्याच वर्षी मुंबई हिंदू घटस्फोट कायदा आला. न पटलेल्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट नवरा-बायको दोघांनाही मिळाली. दुसरी बायको करण्याची मुभा काढून घेताना घटस्फोटाची मुभा देणं, ही जोडी विचारपूर्वक जमवलेली होती. एकावाचून दुसरं न्यायाचं झालं नसतं.

सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांताच्या अगदी कडेला होता. शेजारी अक्कलकोटचं संस्थान आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद राज्य. तुळजापूर सोलापुरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पण हद्द निजामाची आणि कायदा निजामाचा. वेशीबाहेर जाऊन लग्न लावलं तर काय, हा प्रश्न अशा जिल्ह्यांत पुस्तकी नव्हता. कायदा करणाऱ्यांनी त्याचा विचार केला होता. प्रांतातल्या रहिवाशाने प्रांताबाहेर जाऊन केलेलं दुसरं लग्नही त्यांनी बंदीत घेतलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही तरतूद प्रांतिक विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरची ठरवली. तोवर देशाचा कायदा आला होता आणि सगळ्या वेशी पुसल्या गेल्या होत्या.

या कायद्याची खरी कसोटी १९५१ साली लागली. संविधान लागू होऊन दीड वर्ष झालं होतं. नरसू आप्पा माळी या माणसावर पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केल्याचा खटला होता. त्याच्या बाजूने प्रश्न उभे केले गेले ते आजही जसेच्या तसे विचारले जातात. संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिलं आहे, मग माझ्या धर्माने दिलेली मुभा सरकार कशी काढून घेतं? मुसलमानाला चार बायकांची परवानगी आणि मला तुरुंग, हा धर्मावरून भेदभाव नाही का? ख्रिस्ती आणि पारशांना कलम ४९४ आहेच, मग हिंदूंसाठी त्याहून कडक, दखलपात्र गुन्हा कशासाठी?

खंडपीठावर दोन न्यायमूर्ती होते. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. एक खोजा मुसलमान घराण्यातले, दुसरे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले. हिंदूंच्या लग्नाच्या कायद्यावर या दोघांनी एकत्र बसून निकाल दिला, ही गोष्ट त्या काळाबद्दल बरंच काही सांगते.

छागलांनी श्रद्धा आणि आचरण यांच्यात ठळक रेघ ओढली. माणसाने काय मानावं यात सरकार पडत नाही. पण धर्माच्या नावाने केलेलं आचरण जर सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य किंवा समाजहिताच्या आड येत असेल, तर माघार आचरणाने घ्यायची. अमेरिकेत मॉर्मन पंथाचे लोक बहुपत्नीत्व हे आपलं धर्मकर्तव्य मानत. तिथल्या संसदेने १८६२ साली त्यावर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली ती उचलून धरली आणि १८९० साली त्या पंथाच्या मुख्य संघटनेने स्वतःच ही चाल सोडली. हाच विचार छागलांनी अमेरिकी निकालांच्या आधाराने मांडला. मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न, या कारणालाही त्यांच्याकडे हिंदू धर्मशास्त्रातलंच उत्तर होतं. मुलगा दत्तक घेता येतो. हिंदूंनाच आधी का, याचं उत्तर त्यांनी असं दिलं की सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. कोणता समाज कोणत्या सुधारणेला कधी तयार आहे हे विधिमंडळ ठरवेल. कायदा वैध ठरला. गजेंद्रगडकरांनी स्वतंत्र निकालपत्रात सहमती दिली. मात्र धर्मावर आधारलेले व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येणार नाहीत, असंही या निकालाने म्हणून ठेवलं. त्या वाक्याचे परिणाम देश आजही भोगतो आहे.

१९५१च्या सप्टेंबरमध्ये, राव समितीच्या मसुद्यातून आलेलं हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विधेयकाचे तुकडे करून ते पुढे मंजूर झालं आणि त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ला अमलात आला. लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, ही पहिली अट. शीख, जैन आणि बौद्धही त्याच्या कक्षेत आले. अनुसूचित जमाती बाहेर राहिल्या. देशभरात एकपत्नीत्व आलं, हा मोठा विजय होता. पण या नव्या कायद्याने मुंबईचा १९४६चा कायदा रद्द केला आणि शिक्षेसाठी पुन्हा जुन्या कलम ४९४कडे बोट दाखवलं. ते कलम अदखलपात्र होतं. तक्रार फसवल्या गेलेल्या जोडीदारानेच करायची, किंवा बायकोच्या वतीने तिच्या आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं अशा जवळच्या नातेवाइकांनी. मुंबई प्रांतातल्या बाईला १९४६ साली मिळालेलं संरक्षण १९५५ साली असं निम्मं झालं. याची चर्चा फारशी कधी झालीच नाही.

दुसरी पळवाट दहा वर्षांनी उघड झाली. भाऊराव शंकर लोखंडे याने पहिली बायको असताना १९६२ साली दुसरं लग्न केलं, गांधर्व पद्धतीने. टिळा लावला, हार घातले गेले, वडीलधाऱ्यांनी दोघांच्या कपाळाला कपाळ लावलं. होम नाही, सप्तपदी नाही. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ती रद्द केली. कायद्याला मान्य होतील असे विधी झाल्याचं किंवा ते वगळण्याची जातीत रूढी असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ते लग्नच नव्हे आणि लग्नच नव्हे तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. तर्क कायद्याला धरून होता, पण गावातल्या बाईच्या पदरात काय पडलं? सगळ्या गावादेखत हार घालून आणलेली दुसरी घरात नांदत होती, पहिली बाहेर होती आणि नवरा निर्दोष सुटला होता. त्यानंतरच्या किती खटल्यांत सप्तपदीचा पुरावा मागितला गेला आणि किती बायका तो देऊ शकल्या नाहीत, हे कौटुंबिक खटले चालवणारा कोणताही वकील सांगेल.

दुसरीचे हालही कमी नव्हते. यमुनाबाई आढाव यांचं लग्न १९७४ साली रीतसर हिंदू पद्धतीने झालं, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. नवऱ्याने नांदवायचं बंद केल्यावर त्यांनी पोटगी मागितली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्नच रद्दबातल असल्याने त्या कायद्याच्या अर्थाने पत्नी नाहीत आणि पोटगीला पात्र नाहीत. त्याच वर्षी संगमनेरला परित्यक्ता बायकांची परिषद भरली. टाकलेल्या बायकांना रेशनकार्ड, घर आणि पोटगी मिळावी ही मागणी तिथून राज्यभर गेली. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१३ साली, बादशहा विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या दुसरीला, निदान पोटगीपुरतं, पत्नी मानायचं. फसवणाऱ्याने स्वतःच्याच लबाडीचा फायदा घ्यायचा नाही.

मुसलमान बायकांची हाकही मराठी मुलखातूनच उठली. १८ एप्रिल १९६६ला चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चाने गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान नागरी कायदा द्या. बायका सातच होत्या, पण त्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या दुःखासाठी उभ्या होत्या. १९७० साली दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ते फुल्यांचं नाव पुढे नेणारं. एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक गेला. बहुपत्नीत्व बहुतेक राज्यांत अजून कायद्यात आहे. ते केवळ एका समाजात आहे असा समज मात्र खोटा आहे. १९६१च्या जनगणनेच्या आधारे १९७४च्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने जे आकडे दिले, त्यांत बहुपत्नीत्वाचं प्रमाण हिंदूंमध्ये ५.८ टक्के, मुसलमानांमध्ये ५.७, जैनांमध्ये ६.७, बौद्धांमध्ये ७.९ आणि आदिवासींमध्ये १५ टक्क्यांवर होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला दुसरी बायको आहे असं सांगणाऱ्या बायका देशभरात सुमारे १.४ टक्के निघाल्या. हिंदूंमध्ये १.३ आणि मुसलमानांमध्ये १.९. चाल सगळीकडे आटत चालली आहे, संपलेली कुठेच नाही. धर्मांतर करून कायद्यातून निसटण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या सरला मुद्गल निकालाने बंद केला, तेही इथे नोंदवायला हवं.

आता सोलापुरात येऊ. २०२२ या एकाच वर्षात या जिल्ह्यातल्या दोन प्रकरणांनी सगळा प्रश्न पुन्हा उघडा केला.

पहिलं प्रकरण पेन्शनचं. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात शिपाई असलेला एक माणूस १९९६ साली वारला. मागे दोन बायका होत्या. दोघींनी आपसात समजुतीने ठरवलं की निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा पहिलीला आणि दरमहाची पेन्शन दुसरीला. पुढे पहिली कर्करोगाने गेली. दुसरीने २००७ ते २०१४ या काळात चार वेळा सरकारकडे पेन्शन मागितली आणि चारही वेळा नकार आला. तीन मुलं झाली, समाज आम्हाला नवरा-बायको म्हणून ओळखत होता, असं सांगत ती २०१९ साली उच्च न्यायालयात गेली. २०२२च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तिचा अर्ज फेटाळला. पहिलं लग्न कायम असताना झालेलं लग्न रद्दबातल आहे, म्हणून ती कायदेशीर विधवा नाही. तीन मुलांना वाढवलेल्या त्या बाईची चूक काय होती? कायदा मोडला होता नवऱ्याने. तो केव्हाच निघून गेला होता, आणि त्याची किंमत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत ती मोजत होती.

दुसरं प्रकरण २ डिसेंबरचं, माळशिरस तालुक्यातल्या अकलूजचं. उच्चशिक्षित जुळ्या बहिणींनी एकाच मांडवात एकाच तरुणाच्या गळ्यात वरमाला घातली. घरच्यांची संमती, पाहुणे हजर, आणि त्याचं चित्रण देशभर फिरलं. एका त्रयस्थाने तक्रार दिली. अकलूज पोलिसांनी कलम ४९४खाली अदखलपात्र नोंद केली. राज्य महिला आयोगाने सोलापूरच्या पोलीस अधीक्षकांना कारवाई करायला सांगितलं. पण तक्रार करण्याचा अधिकार कायद्याने ज्यांना दिला आहे, त्यांच्यापैकी कोणाचीच तक्रार नव्हती. १९४६चा दखलपात्र कायदा जिवंत असता तर पोलिसांचे हात असे बांधले गेले नसते.

तेव्हा अनेकांनी विचारलं, तिघंही सज्ञान, तिघंही राजी, मग सरकारला काय पडलंय? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तरही तसंच दिलं पाहिजे. तिघांनी एका घरात राहणं हा गुन्हा नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं आणि सरकार माणसाच्या खासगी आयुष्यातून मागे सरलं. कलम ४९४ मात्र राहिलं, आणि १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८२ म्हणून कायम आहे. कारण लग्न म्हणजे केवळ दोघांचं सहजीवन नाही. लग्न लागलं की सरकार एका माणसाला दुसऱ्याचा कायदेशीर वारस, पेन्शनधारक, पोटगीचा हक्कदार मानतं. सातबाऱ्यावर वारसनोंद, ग्रॅच्युइटी, विमा, दवाखान्यातली सही, सगळं त्या एका नात्यावर चालतं. पहिलीला दिलेला हा शब्द तिच्यामागून अर्धा करण्याचा अधिकार नवऱ्याला द्यायचा का? बहुपत्नीत्वात नेमका तोच अधिकार एका माणसाच्या हातात जातो.

पहिलीची संमती असेल तर? गोव्यात पोर्तुगीज सरकारने १८८० साली हिंदूंच्या चालीरीतींची संहिता केली. तिच्यात पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल न झालेल्या किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा न झालेल्या पत्नीच्या नवऱ्याला, काही अटींवर, दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती. त्या अटी वाचल्या की त्यामागचा विचार उघडा पडतो. बाईची किंमत तिच्या कुशीवरून ठरायची. ज्या बाईच्या नावावर घर नाही, हातात पैसा नाही, माहेरी थारा नाही, तिने दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का? अकलूजच्या बहिणी शिकल्यासवरल्या, स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. त्यांची बाजू वेगळी असेलही. पण कायदा करताना सगळ्यात सबळ बाईकडे बघायचं नसतं, सगळ्यात एकट्या पडलेल्या बाईकडे बघायचं असतं. या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी, विडी वळणारी, नवऱ्याच्या घराखेरीज ठिकाण नसलेली बाई हजारोंनी आहे.

जगातही जिथे जिथे ही बंदी आली, तिथे कारण हेच दिसतं. फ्रान्सच्या १८०४च्या नागरी संहितेत पहिलं लग्न मोडल्याशिवाय दुसरं करता येत नाही असं लिहिलं गेलं. तुर्कस्तानने १९२६ साली आणि ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्व बंद केलं. हे दोन्ही मुसलमान लोकसंख्येचे देश. दक्षिण आफ्रिकेने १९९८ साली आफ्रिकी रूढीतल्या बहुपत्नी लग्नांना मान्यता दिली, पण दुसरं लग्न करण्याआधी मालमत्तेच्या वाटणीचा करार न्यायालयाकडून मंजूर करून घेण्याची अट घातली. मुभा देणाऱ्या देशालाही पहिलीच्या हक्काचा प्रश्न टाळता आला नाही. २०११ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने महिनोन्‌महिने साक्षी ऐकून बंदी कायम ठेवली, कारण तपासाअंती तिथे दिसलं ते बायका-मुलांचं नुकसान. धर्मनिरपेक्ष राज्य देवधर्माचा निवाडा करायला बसलेलं नाही. दुबळ्या बाजूला हक्काचा कागद देणं आणि तो कागद टिकवणं, हे त्याचं काम आहे.

या दीडशे वर्षांकडे पाहून माझं मत असं आहे. बंदी बरोबर आहे आणि ती राहिली पाहिजे. पण सगळ्या बायकांना लागू नसलेली बंदी पुरेशी नाही. जोतीरावांचा सवाल हिंदू बाईपुरता नव्हता आणि दलवाईंचा मोर्चाही कोणा एका समाजाविरुद्ध नव्हता. बहुपत्नीत्वाला मनाई सगळ्या धर्मांच्या आणि जमातींच्या बायकांसाठी सारखी हवी, आणि ती त्या त्या समाजातल्या बायकांशी बोलून आणली पाहिजे, त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणाला झोडपण्यासाठी नव्हे. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याविरुद्ध पोलिसांना स्वतःहून कारवाई करता यावी, जशी १९४६ साली मुंबई प्रांतात करता येत होती. फसवल्या गेलेल्या दुसरीला पोटगी आणि तिच्या मुलांच्या नावाने पेन्शनचा वाटा कार्यालयाच्या पायऱ्या न झिजवता मिळावा.

हे सगळं विधिमंडळाने करायचं आहे. पण एक गोष्ट वाचकांच्या हातात आहे. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याने प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची आहे, आणि खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. आपल्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की हॉलची तारीख आणि आचाऱ्याची बोलणी यांच्याबरोबर नोंदणीचा अर्जही ठरवा, आणि मुलाचं आधी लग्न झालं आहे का हे त्याच्या गावी जाऊन विचारा. तो एक कागद हातात असेल तर सप्तपदी झाली की नाही हे सिद्ध करण्याची पाळी आपल्या मुलीवर येणार नाही.